कलमांना नंबर घालू नयेत

मोठ्या, आधी गॅस बंद करून ये आणि मग हे वाचायला बस. विसरलाच असशील. बाकीच्यांनीही आपापलं काय राहिलंय ते आत्ताच आठवून घ्यावं. माझं ऐकताना मधे उठलेलं मला चालत नाही, आणि आता पुन्हा सांगायला मी नसेन.

मी, गणिताचे निबंध छापणाऱ्याची विधवा, स्वतः निरक्षर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय सांगत आहे आणि माझी नात ते टाइप करत आहे. उद्या सकाळी माझी छाती उघडणार आहेत. मला भीती वाटते. भीतीला कायद्यात दडपण म्हणत नाहीत, हे वकिलांना विचारून घेतलं आहे.

यापूर्वीचा मसुदा रद्द समजावा. तो का रद्द केला ते सांगणं भाग आहे.

नात म्हणजे मोठ्याची मुलगी. खालच्या खोलीत ती प्राध्यापकांचे निबंध संगणकावर जुळवते. ‘प्रमेय’ हा शब्द ठळक, पुढे नंबर, त्यानंतरचा मजकूर तिरका, आणि सिद्धता संपली की उजव्या कडेला एक रिकामा चौकोन. नंबर यंत्रच घालतं. मधे नवं प्रमेय घुसवलं की पुढचे सगळे आपोआप सरकतात. माझं मृत्युपत्रही तिने त्याच साच्यात बसवलं. कलम एक, मी शुद्धीत आहे. कलम दोन, घर. कलम तीन, जुनं छपाईयंत्र. आणि शेवटी एक ओळ: कलम दोनमधलं धाकट्या सुनेला, कलम तीनमधलं मोठ्या मुलाला.

मग मला भिंतीवरचं घड्याळ आठवलं. विसरायच्या आत घाल म्हटलं, तिने ते पहिल्या कलमाखाली घातलं.

परवा शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी छापील प्रत वाचून दाखवली. घड्याळ दोन झालं होतं आणि घर तीन. शेवटच्या ओळीतले आकडे मात्र नातीने हाताने टाइप केलेले, ते जागचे हलले नव्हते. म्हणजे धाकटीला घड्याळ आणि मोठ्याला घर. माझा अंगठा तेव्हा शाईत बुडवून तयार होता.

मी नातीकडे पाहिलं. ती म्हणाली, “आजी, मी बाबांसाठी नाही गं केलं.”

मी काही विचारलंच नव्हतं.

अक्षर नाही पण माणसाचं तोंड वाचता येतं, अशी बढाई मी जन्मभर मारत आले. त्या दुपारी समोर बसलेल्या पोरीचं काही वाचता आलं नाही. उद्या भुलेतच गेले तर गेले. पण कागदाने माझ्या नावाने भलतंच बोलावं आणि ते खोडायला मी नसावं, ही माझी खरी भीती.

उपाय सांगितला कंसकाकांनी. हे गणिताचे म्हातारे प्राध्यापक. बोलतानाही मधे कंस उघडतात आणि मिटायचे राहतात. ते म्हणाले, “वहिनी, जी प्रमेयं खरंच महत्त्वाची, त्यांना नुसतं नाव द्यायचं. नाव सरकत नाही.” म्हणून खाली एकाही कलमाला नंबर नाही. प्रत्येकाच्या शेवटी चौकोन आहे आणि चौकोनात माझा अंगठा. चौकोनानंतर काही घुसवलेलं आढळल्यास ते माझं नव्हे.

घराचे कलम. वरच्या दोन खोल्या व खालचा छापखाना मिळून हे घर माझ्या धाकट्या मुलाच्या विधवेला, म्हणजे धाकट्या सुनेला. मोठा म्हणतो, “आई, तिचं मी बघेन ना.” गॅलरीतल्या रोपाचंही तो बघणार होता. कुंडी आहे अजून. सुनेने खालच्या खोलीतून नातीला उठवू नये. □

यंत्राचे कलम. छपाईयंत्र आणि अक्षरांच्या शिशाच्या खिळ्यांचे खण मोठ्या मुलाला. बापाच्या हाताला शाईचा वास येतो म्हणून तो शाळेच्या वाटेवर त्यांचा हात सोडून चालायचा. आता दिवाणखान्यात मांडून ठेव. न्यायला माणसं बोलव, फार जड आहे. □

घड्याळाचे कलम. कंसकाकांना, घरी जायची वेळ कळावी म्हणून. घड्याळ मिळणार त्यामुळे साक्षीदार होता येत नाही, यावर ते रुसले आहेत. रुसोत. □

नातीचे कलम. चूक होती की हेतू, मला कळलेलं नाही. आता कळून घ्यायचंही नाही. (इथे तिचे हात थांबले. टाइप कर म्हटलं, बाळ.) माझ्या मागे हे तिला कोणी, तिच्या बापानेही, विचारू नये. माझी कानातली तिला. □

अंगठा लावण्याआधी डॉक्टरीणबाई नातीला बाहेर पाठवून ही प्रत मला वाचून दाखवतील. ठसे फरकटले तरी माझेच समजावेत.

ठिकाण: छापखान्यावरची खोली, खिडकीजवळचा पलंग.
तारीख: शस्त्रक्रियेचा आदला दिवस, दुपार.
निशाणी: डाव्या हाताचा अंगठा.
साक्षीदार: शेजारच्या डॉक्टरीणबाई, सही. कोपऱ्यावरचा चष्मेवाला, सही.

ता. क. उद्या दुपारी दवाखान्यात डबा पाठवावा. मला काही चालणार नाही. नात बाहेरच्या बाकावर बसलेली असेल आणि आतून कोणी काही सांगेपर्यंत पाण्यालाही शिवणार नाही. तिला गरम सूप आणि लोणी लावून भाजलेला पाव द्यावा. डबा धाकट्या सुनेने स्वतः न्यावा.