मावशी म्हणते, आधी तू सांग

८ ऑक्टोबर १९९५, डाळज
दिसलं! अंड्याच्या आतला जीव दिसला!
कोंबडीची पिल्लं काढायच्या या हॅचरीत एक अंधारी खोली, दाराला काळं कापड. खोक्यात बल्ब, वर रुपयाएवढं भोक. इथली जुनी कामगार मुक्तामावशी, तिनं सात दिवसांचं अंडं भोकावर धरलं — लाल उजेड, मधे ठिपका, त्याला बारीक शिरा फुटलेल्या. ठिपका हलला! नुसताच पिवळा उजेड दिसला तर रिकामं. ते काढून टाकायचं.
मावशी अंडं धरते न् म्हणते, "आधी तू सांग." मी सांगतो, ती मान हलवते. शिकवायची तऱ्हाच तशी तिची. आज एकदाही खोडलं नाही!

१० ऑक्टोबर
सकाळी भिगवणला मासेवाल्यांचा लिलाव बघत रमलो. उशीर झाला. मावशी खोळंबलेली. "तुझ्याबिगर सुरूच केलं न्हाय बघ." आजवर माझ्यासाठी कोण खोळंबलंय?

१४ ऑक्टोबर
मालक युवराजदादा म्हणाले, "घारीची नजर हाय तुझी. टिकलास तर मुक्ताबाईला घरी बसवतो. एका कामाला दोन माणसं कशाला?"
छाती फुगली! गॅरेज सोडलं, रसवंती सोडली, लोणी देवकरची फॅक्टरी सोडली — असं कुणी बोललं नव्हतं. पण दोस्ताला, बिरूला, शब्द दिलाय, त्याच्या ट्रकवर हैदराबादला जायचं. मावशीला यातलं काही बोललो नाही.

१९ ऑक्टोबर
आज अठरा दिवसांची अंडी. आत सगळं काळं, मला काही उमजेना. मावशीनं बल्बाकडं नेलंच नाही, अंडं पापणीला टेकवलं. "हे गार. गेलं." फोडलं तर खरंच गेलेलं! मी अकरा चुकलो, ती एकही नाही.
"नजरंचा काय भरवसा, लेका!" म्हणून हसली.
राग यायला पाहिजे होता. उलट वाटलं, गावभर सांगावं — ही माझी गुरू!

२० ऑक्टोबर
बिरूचा निरोप: उद्या दुपारी हायवेवर ये. दादा म्हणतात, राहणार का ते उद्याच सांग.

२१ ऑक्टोबर
सात दिवसांच्या नव्या अंड्यांचा अर्धा ट्रे झाला न् बल्ब उडाला. मिट्ट काळोख.
मावशीनं पुढचं अंडं भोकावर धरल्याचा आवाज आला. "बोल की. जित्तं का रिकामं?"
उजेड गेलेला तिला कळलंच नव्हतं!
"जरा थांब मावशी, नीट बघतो." चाचपत नवा बल्ब लावला. "जित्तं हाय."
तिनं मान हलवली.
बाहेर येऊन दादांना म्हटलं, "राहतो. पण काम दोघांचं हाय."