हिरवट खांब

वाइराउ,
जुलैचा दुसरा रविवार

चि. राविरी,

अनेक आशीर्वाद. मी ठणठणीत आहे. कोंबड्या जुलैच्या थंडीने रुसल्यात, अंडी देत नाहीत. तुझ्या लेकीने, एरानाने, काल माझं अर्धं विणकाम उसवून ठेवलं.

तू फुगून बसलायस हे गावभर झालंय. आईच्या थडग्यावरच्या नव्या दगडावरची चादर काढून तो उघडायचा दिवस, तू हांगीच्या, जमिनीत तापल्या दगडांवर जेवण शिजवायच्या खड्ड्यासाठी गाडीभर लाकूड आणलंस, आणि मी भरल्या मराएत, आपल्या सगळ्या भावकीच्या अंगणात, म्हटलं, "हे खड्ड्यात जाणार नाही!" हांगीला आणलेलं लाकूड कुणी परत करतं का? नाही करत. मी केलं. पुन्हा करेन.

तू म्हणालास, "ताई, द्राक्षमळ्यातले मोडके खांब आहेत, फुकटचे, खडखडीत वाळलेले. तुझं काय जातं?" अरे बाबा, ते खांब हिरवट का दिसतात? कीड लागू नये म्हणून त्यांच्यात औषध मुरवतात, त्यात आर्सेनिक असतं. जाळलं की ते धुरात जातं, राखेत उरतं. त्याच्यावर दगड तापवून पाहुण्यांना डुक्कर नि रताळी वाढायची?

"एवढं शहाणपण अचानक कुठून आलं?" असं तू विचारलंस, तेव्हा मी रताळी सोलायला वळले. चारचौघांत सांगायचं नव्हतं. आता ऐक.

एराना सुट्टीला म्हणून माझ्याकडे आली खरी, पण आली ती ओकतच. पोट दुखतंय, पायाला मुंग्या येताहेत. दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरी शेगडीत काय जाळता गं?" पोरगी पटकन म्हणाली, "हिरवे खांब. राख मी काढते, बाबा ती बटाट्यांना घालतात." दगड उघडायच्या आदल्या दिवशी लघवीचा रिपोर्ट आला. आर्सेनिकच निघालं.

घाबरू नकोस. त्या धुरातून सुटल्यापासून ती सुधारतेय. तूही तपासून घे. खांब कचरा डेपोत नेऊन टाक, शेगडी साफ करून घे, ते बटाटे कुणाच्या ताटात घालू नकोस. तोवर पोरगी देत नाही, भांडायला आलास तरी.

पण ये रे. त्या दिवशी तू तिच्याशी न बोलता निघून गेलास. तेव्हापासून विचारतेय, "मी चहाडी केली म्हणून बाबा रागावलेत ना?" मी नाही म्हणून सांगून थकले. माझं तिला पटत नाही.

तुझ्या गाडीची वाट बघत पायरीवर बसलेल्या तुझ्या लेकीची आत्या,
वैमारी