मोज्यातली फिन

मक्कुम, सप्टेंबरातला शेवटचा रविवार

तीर्थस्वरूप मिंकेताईस,

धाकट्या विब्रनचा गुडघे टेकून नमस्कार. (तुझा उजवा गुडघा सध्या टेकत नाही हे ठाऊक आहे, म्हणून तुझ्या वाटणीचाही मीच टेकला आहे.) नवा गुडघा कसा आहे? जिना चढतेस की अजून खालीच झोपतेस? डॉक्टरांनी सायकलला परवानगी दिली म्हणून लगेच सगळं ख्रोनिंगन पालथं घालू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे आणि तुझे ब्रेकही मला माहीत आहेत.

इकडे सगळं ठीक. फ्राउके मजेत आहे, मांजर जाड झालंय, कोबीला यंदा कीड नाही. आणि मी (बसली आहेस ना? नसलीस तर आधी बस) जिंकलो. काल शरदातली स्लॅलम (आपली शिडाच्या फळ्यांची, तरंगत्या पिंपांना वळसे घालायची शर्यत) झाली आणि कपाटाची किल्ली आपल्याच घरात राहिली. सलग पंधरावं वर्ष! पासष्टाव्या वर्षी, ताई, चष्मा लावून.

तू इथून गेलीस तेव्हा हे किल्लीचं प्रकरण नव्हतं, म्हणून थोडक्यात सांगतो. (फ्राउके म्हणते मला थोडक्यात सांगता येत नाही. तिचं मनावर घेऊ नकोस.) क्लबात फिनांचं एक कपाट आहे. फिन म्हणजे सर्फच्या फळीच्या शेपटाखाली उभं बसवायचं ते काळं पातं, हे तुला लहानपणापासून माहीत आहे, कारण माझी पहिली फिन मी तुझ्याच पायावर पाडली होती. तर जो शरदातली स्लॅलम जिंकेल त्याच्याकडे वर्षभर त्या कपाटाची किल्ली, आणि कुणी कोणत्या वाऱ्यात कोणती फिन लावायची यावर त्याचा शब्द शेवटचा. लहान-थोर येऊन विचारतात, विब्रन, आज काय लावू? मी वर बघतो, पाण्याकडे बघतो, जरा थांबतो आणि सांगतो. ते थांबणं फार महत्त्वाचं असतं. लगेच सांगितलं तर लोकांना किंमत वाटत नाही.

या किल्लीवर गेली तीन वर्षं तुझ्या धाकट्या दिराचा डोळा आहे. डौवे माणूस वाईट नाही, तुझ्या सासरचा आहे म्हणून मी त्याच्याबद्दल वावगं बोलणार नाही, पण त्याला फिनांतलं काडीचं कळत नाही. ऑगस्टमध्ये सगळ्यांसमोर, कॉफीच्या वेळी, मला म्हणाला, "विब्रन, तुझी वही म्हातारी झाली आता. दे की किल्ली, सन्मानानं दे." माझी वही! एकोणीसशे अठ्ठ्याण्णवपासूनची, प्रत्येक दिवसाचा वारा, शीड, फिन, डोलकाठीचं बूड मागे-पुढे किती, सगळं मिलिमीटरमध्ये. मला ते लागलं, ताई. हसून कॉफी प्यालो, पण त्या दिवशी मला साखरपावही गोड लागला नाही. ठरवलं, यंदा हरलो तर किल्ली द्यायची, वही चुलीत घालायची आणि फळी विकून कोबी लावायचा.

आता तुझ्या मोज्यांबद्दल. तू विणून पाठवलेले ते गुडघ्यापर्यंतचे जाड लोकरीचे मोजे मी पायात घालत नाही, हे आज कबूल करतो. (रागावू नकोस, त्यांना पायांपेक्षा मोठा मान मिळाला आहे.) आमच्याकडे फिना मोज्यात ठेवतात. एक तर धार सांभाळायची, आणि दुसरं म्हणजे आपण आज किती लांबीची लावली हे बाजूच्याला कळता कामा नये. बाकीचे किनाऱ्यावर मोजा काढतात. मी नाही काढत. मी मोज्यासकट फिन खाचेत बसवतो, वरून दोन स्क्रू आवळतो, फळी तशीच उचलून कमरेइतक्या पाण्यात नेतो आणि तिथे पाण्याखाली हात घालून मोजा ओढून घेतो. फेरी संपली की पाण्याखालीच परत चढवतो. फिन कुणाच्या नजरेला पडत नाही. माझ्यासुद्धा. मला बघायची गरजच नसते.

शिवाय मोज्यावर मी आकडा लिहितो तो खोटा. खऱ्या लांबीतून चार सेंटिमीटर वजा. अडतीसच्या मोज्यावर चौतीस, बेचाळीसच्या मोज्यावर अडतीस. कुणी चोरून बघितलं की फसलाच. ही युक्ती मी नऊ वर्षांपूर्वी काढली आणि साधारण आठ वर्षांपासून ती सगळ्या मक्कुमला माहीत आहे, पण म्हणून मी ती सोडली नाही. सवय चांगली आहे.

शर्यतीच्या आधीचा आठवडा मी गॅरेजमध्येच होतो. अडतीसच्या फिनेला ओल्या बारीक घासकागदानं तीन तास घासलं, लांबीच्या दिशेनं, एकाच हातानं. कडेवरून नख फिरवलं तर कुठे अडकता कामा नये. डोलकाठीचं बूड आठ मिलिमीटर मागे घेतलं. आठ! डौवे हे काम अंदाजानं करतो, पायानं ढकलतो. शीड खालून इतकं ताणलं की वरचा भाग लुळा पडला पाहिजे, म्हणजे झोत आला की शीड वरून वारा सोडून देतं आणि फळी आपली सरळ पळते. नवशिक्यांना वाटतं शीड कसं ढोलासारखं ताठ हवं. डौवेलाही तेच वाटतं. चाळीस वर्षं नवशिका आहे.

शनिवारी सकाळी वारामापक घेऊन बांधावर गेलो. चौदा नॉट, नैर्ऋत्येकडून. वही काढली. चौदा, नैर्ऋत्य, आखूड लाटा, सात-आठ चौरस मीटरचं शीड: अडतीस. सत्तावीस वर्षांचा हिशेब आहे, दुसरं काही निघणं शक्यच नाही. घरी आलो तर फ्राउके मागे कपडे वाळत घालत होती. मला म्हणाली, "आज टॉवेलला तीन चिमटे लागले." तिचं हे रोजचंच असतं. साधा दिवस असला की दोन चिमटे, वारा वाढणार असं तिला वाटलं की तीन. मी तिला प्रेमानं म्हटलं, अगं, माझ्याकडे यंत्र आहे. ती हसली आणि बादली घेऊन आत गेली. बिचारी. तिला या खेळात रस घेता यावा म्हणून मी शर्यतीनंतर फिन काढून धुऊन ठेवायचं काम मुद्दाम तिच्याकडे दिलेलं आहे.

चौतीस लिहिलेला मोजा उचलला (म्हणजे अडतीसची फिन, लक्षात येतंय ना?) आणि मोज्यासकट बसवली. डौवे बाजूच्या गवतावर बसून माझ्या मोज्याकडे टक लावून बघत होता. ओठ हलत होते, चार मिळवत होता. मग उठला आणि आपल्या फळीला त्यानं उघड उघड अडतीस लावली, सगळ्यांना दिसेल अशी. माझीच युक्ती, माझाच आकडा, माझ्यासमोर. मनात म्हटलं, घे, आकडा घेशील, हात कुठून आणशील?

पहिल्या फेरीला आम्ही रांगेत उभे राहिलो आणि वारा वाढला. बघता बघता बावीस नॉट. एवढ्या वाऱ्यात अडतीस मोठी पडते, फळी नाकानं वर उठते, हे पुस्तकात लिहिलेलं मलाही माहीत आहे. पण झेंडा पडला आणि मी निघालो, आणि ताई, काय सांगू! फळी पाण्याला चिकटून! ना उडते, ना घसरते, हातात लोण्यासारखी. पहिल्या पिंपाला वळलो तेव्हा पुढे तिघे होते, तिसऱ्या पिंपाला एकही नव्हता. डावीकडे बघतो तर डौवेची फळी घोड्यासारखी पुढचे पाय वर करून उभी, आणि डौवे तिच्या पाठीवरून उतरतोय. तेच शीड, तीच लांबी, तोच वारा! तेव्हाच मला स्वच्छ कळलं की ते आठ मिलिमीटर आणि तीन तासांचं घासणं काय चीज आहे. फिन लावणं वेगळं आणि फिन कळणं वेगळं.

तिन्ही फेऱ्या मी पहिला. डौवे सहावा, पाचवा आणि तिसऱ्यांदा पिंपाला अडकलेला.

मग क्लबात वाटाण्याचं घट्ट सूप झालं आणि लोकांनी आग्रह केला (दोघांनी केला, पण मनापासून) म्हणून मी उभा राहून बावीस नॉटमध्ये अडतीस कशी चालवायची यावर दोन शब्द बोललो. पाऊण तास झाला असेल. डौवे तोंड उघडं ठेवून ऐकत होता आणि शेवटी त्यानं लिहूनसुद्धा घेतलं. क्लबाच्या वहीत मी माझ्या हातानं शाईनं नोंद केली: विजेता विब्रन, फिन अडतीस. मग डौवेनं सगळ्यांसमोर माझा हात हातात घेतला. म्हणाला, "तुझी वही नाही रे म्हातारी. मीच घाई केली." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाऱ्यामुळे असेल असं सगळ्यांना वाटावं म्हणून मी दाराकडे तोंड केलं.

आपले बाबा असते तर त्यांनी एवढंच म्हटलं असतं, "बरं झालं," आणि पुन्हा पेपर वाचला असता. पण त्यांनी पेपर उलटा धरला असता, हे तुला आणि मला माहीत आहे. तुझ्या सत्तराव्या वाढदिवसाला आम्ही दोघं नक्की येतो. गुडघ्याला जप.

तुझा,
विब्रन

ता. क. सोमवार सकाळ. पत्र पाकिटात घातलं होतं, पुन्हा काढलं. काल रविवार म्हणून फ्राउके बहिणीकडे राहायला गेली, त्यामुळे फिन धुवायची राहिली होती. आज मीच काढायला गेलो. मोजा काढला. ताई, ती चौतीस होती. पट्टीनं तीनदा मोजली, मग शिवणकामाच्या टेपनं मोजली. फ्राउकेला फोन केला. ती शांतपणे म्हणाली की गेल्या आठवड्यात मोज्यांना वास येत होता, म्हणून तिनं सगळे धुतले आणि वाळल्यावर मोज्यावरचा आकडा बघून ज्यात त्यात फिना नीट घातल्या. नीट! म्हणजे वहीनं सांगितलेली मी लावलीच नाही, धुण्यानं सांगितलेली लावली. आणि मी पाऊण तास बोललो. शाईनं लिहिलं. डौवेनं ते उतरवून घेतलंय आणि येत्या शनिवारी तो बावीस नॉटमध्ये मुद्दाम अडतीस लावून बघणार आहे.

ता. क. २. म्हणून एक छोटी विनंती, आणि खरं म्हणजे आता हे पत्र त्याचसाठी आहे असं समज. वाढदिवसाला तू खुर्च्यांचं रिंगण मांडशील, त्यात फ्राउके आणि डौवे शेजारी येणार नाहीत एवढं बघ. मध्ये तुझी ती बहिरी चुलतसासू बसव. शक्य असेल तर केकही. मी फ्राउकेला गप्प राहा म्हटलं तर ती नुसती "हं" म्हणाली. हे "हं" मला आवडलेलं नाही. किल्ली मी परत करीन, ताई, अगदी खरं सांगतो, पण पुढच्या वर्षी, रीतसर हरून.

ता. क. ३. मिंकेवन्सं, नमस्कार. मी बहिणीकडून परत आले तर पत्र पेटीत टाकायला यांनी माझ्याकडे दिलं आणि पाकीट उघडंच होतं. मोजे मी धुतले नव्हते. लोकर धुतली की आटते, तुम्हीच सांगितलं होतं. शनिवारी तीन चिमटे लागले म्हणून हे कॉफी पीत होते तेवढ्यात मी दोन फिनांची अदलाबदल केली, एवढंच. दरवर्षी नाही हो करत. पंधरा वर्षांत सहा वेळा केली, उरलेल्या नऊ वेळा यांचंच बरोबर होतं, आणि वळणं तर पंधराही वेळा यांनीच घेतली. तेव्हा किल्ली यांचीच. मी कुणाजवळ अक्षर काढणार नाही, तुम्हीही काढू नका. डौवेभावजींना मात्र शनिवारआधी फोन करून अडतीस लावू नका म्हणावं, हात मोडून घेतील. आणि वाढदिवसाला मला त्यांच्या शेजारीच बसवा. मी फक्त केक खाईन आणि अधूनमधून त्यांच्या कानाशी वाकून हवापाण्याचं बोलेन. हे समोर बसलेले असले म्हणजे झालं.