एका मिनिटाची परवानगी

३ जुलै, बुधवार
पोचलो एकदाचे! बिश्केकहून नऊ तास, त्यात अक्मूरला दोनदा उलटी. पण कोक-बुलाक दिसलं आणि पोरगी एकदम ताजीतवानी. चार वर्षांची आहे, पण तोरा आजीबाईचा. आल्या आल्या तिने शेजारच्या शेळीला नाव ठेवलं.

घर दोन खोल्यांचं, ऑफिस एका खोलीचं, नदीला अगदी लागून. माझं काम सांगायला सोपं आहे. वर डोंगरात हिमनदीचं तळं आहे. तळं फुटलं तर सगळं पाणी या दरीतून खाली येणार. म्हणून तळ्यापासून गावापर्यंत सात ठाणी बसवली आहेत, पहिलं तळ्यावर, सातवं आमच्या छपरावर. ती पाण्याची उंची पाठवत राहतात आणि वेळ आली तर सायरन वाजतो. दुपारी ऊन चढलं की पाणी दोन बोटं वाढतं, पहाटेपर्यंत उतरतं. पडद्यावरचा आकडा दिवसभर खालीवर होताना बघायला मला मजा वाटली. सायरनची चाचणी दर महिन्याच्या एक तारखेला असते, ती मी यायच्या आधीच होऊन गेली.

निरीक्षणाच्या नोंदी ठेवणाऱ्या ऐमजान एजेंनी, म्हणजे ऐमजानताईंनी, गरम कत्तामा आणला, पदर सुटलेली रोटीच. साठीच्या आहेत, तोंडाने फटकळ, हाताने सढळ. ऑफिसात खिळ्यावर एक जुनी टोपी आहे. ती माझ्या आधी इथे असलेल्या एसेनकुल बाइकेंची, बाइके म्हणजे थोरले भाऊ. गेल्या ऑगस्टमध्ये पहिल्या ठाण्यापाशी पाय घसरून ते तळ्यात गेले. टोपी हलवू नकोस, असं एजे म्हणाल्या. मी कशाला हलवू?

अक्मूरची बालवाडी खालच्या आळीत, नदीकाठीच. उद्यापासून जाणार, लाल टोपी घालून.

६ जुलै, शनिवार
नवी व्यवस्था बसवायला घेतली. वीस तारखेला तपासणी आहे. जुन्या नेटवर्कचा खाक्या असा की एकदा कुंपणाच्या आत आलं की सगळे घरचे. आता जगभर ते मोडीत निघालंय. आता कुणीच घरचं नाही. प्रत्येक यंत्राने, प्रत्येक माणसाने, प्रत्येक दाराशी आपण कोण ते सांगायचं. शिवाय माणूस कीबोर्डच्या कळा कशा दाबतो हे शिकून ओळख पटवणारं एक सॉफ्टवेअरही आहे. बाइके असतानाच बिश्केकने ते प्रयोग म्हणून बसवलं होतं.

माझी खास भर म्हणजे महत्त्वाच्या कामाची परवानगी एका मिनिटापुरतीच. मिनिट संपलं की पुन्हा विचारायचं, आणि ‘हो’ दाबायला समोर कुणी नसेल तर काम बंद. वरिष्ठ रुस्लानला फोनवर सांगितलं तर म्हणाला, “सायकाल, तू तुझ्या सासूच्या वरताण निघालीस.”

एजेंना मात्र हे पटलं नाही. “आमच्याकडे दारात आलेल्याला आधी चहा देतात, नाव मागाहून विचारतात,” त्या म्हणाल्या. “तुझ्या दारात तर पाहुणा तहानेने मरेल गं बये.” खूप हसलो दोघी.

९ जुलै, मंगळवार
आज डोकं फिरलं. एसेनकुल बाइकेंचं खातं अजून चालू! माणूस जाऊन अकरा महिने झाले, आणि सगळे अधिकार जिथल्या तिथे. एजेंना विचारलं तर म्हणे, वर्षाचं जेवण, म्हणजे आश, होईपर्यंत गेलेल्याचं नाव घरातून काढत नाहीत. सोळा ऑगस्टला आश आहे, तोवर थांब. मी म्हटलं, एजे, हे घर नाही, नेटवर्क आहे. त्यावर त्या एवढंच म्हणाल्या, “हे सगळं त्याने आपल्या हाताने विणलंय. धागा ओढताना बघून ओढ.”

रुस्लान माझ्या बाजूचा. मेलेल्याचं खातं म्हणजे सताड उघडं दार, म्हणाला. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी खातं पुसून टाकलं. हिशेबाने मी बरोबरच आहे.

एजेंनी आज चहा विचारला नाही. लागलं मनाला.

११ जुलै, गुरुवार
सकाळी पहिल्या ठाण्यावरून कुणीतरी आत यायला बघत होतं. नाव एसेनकुलचं. दार अर्थातच उघडलं नाही. कुणाला तरी पासवर्ड सापडला असणार. तळ्याचा आकडा हिरवा, ४.१२. सगळं ठीक.

१२ जुलै, शुक्रवार
आज तीनदा, दुसऱ्या ठाण्यावरून. रुस्लान म्हणतो, वर कुरणावर मेंढपाळ असतील, एखाद्या टारगटाचा उद्योग. पण ठाण्याच्या पेटीची किल्ली फक्त माझ्याकडे आहे.

१४ जुलै, रविवार
काल तिसरं ठाणं, आज चौथं.

ते ओळख पटवणारं सॉफ्टवेअर उघडलं. कोण दाबतंय या कळा? उत्तर आलं, एसेनकुल, अठ्ठ्याण्णव टक्के. उजव्या हाताच्या काही अक्षरांवर दर वेळी जरासा थांबा. एजेंना सहज विचारल्यासारखं विचारलं. त्या म्हणाल्या, हिवाळ्यात गारठून त्याचं एक बोट गेलं होतं, उजव्या हाताचं.

मला भीती वाटते. लिहून टाकलं, म्हणजे कमी होईल.

१५ जुलै, सोमवार
पाचवं. मी चौथ्यापर्यंतची सगळी दारं बाहेरच्यांसाठी बंद केली, तरी.

एजेंनी बोरसोक, कणकेचे छोटे तुकडे, तळले. गेलेल्याला वास पोचावा म्हणून तळतात. ऑफिसात तेलाचा धूर आणि त्यांचं पुटपुटणं. मी चिडून बोलले. त्या शांतपणे म्हणाल्या, “तो घरी येतोय पोरी. का येतोय ते तरी विचार त्याला.” मी कसं विचारू? माझी व्यवस्था फक्त ‘कोण’ विचारते.

अक्मूरला घेऊन बिश्केकला परत जावं का? तपासणी झाली की जाऊ.

१६ जुलै, मंगळवार
सहावं. पुलापाशी. इथून दिसतं ते. तिथे कुणी नाही. भरदुपारी, उन्हात, कुणी नाही — आणि पडद्यावर कळा दाबल्या जातायत. सतरा वेळा. मी सतराही वेळा नाही म्हटलं.

खिळ्यावरची टोपी ओली आहे.

१७ जुलै, बुधवार
१०.४०. अक्मूरला सोडून आले. सातवं ठाणं — आमचंच छप्पर. पडद्यावर येतंय, अनोळखी पाहुणा परवानगी मागतो आहे. हो की नाही.

१०.५२. आकडा ४.१२. कालही ४.१२. परवाही. दुपारी वाढला नाही, पहाटे उतरला नाही. मागच्या नोंदी काढल्या. शेवटचा बदल ९ जुलै, अकरा वाजून दहा.

तो आकडा त्याच्या खात्यातून येत होता. मी खातं पुसलं आणि आकडा तिथेच गोठला. आठ दिवस मी मेलेला आकडा बघत बसले.

१०.५५. सायरनही त्याच्याच नावावर. दाबला — परवानगी नाही. पुन्हा दाबला — नाही. रुस्लान फोन उचलत नाही. बालवाडीचा फोन नुसता वाजतोय.

एजे खिडकीशी होत्या. नदीचं पाणी मातीने लाल झालंय, वर तळं फुटतंय म्हणाल्या, आणि धावत सुटल्या बालवाडीकडे. या वयात.

तो मला घाबरवायला नव्हता येत. सांगायला येत होता. पहिल्या ठाण्यापासून दाराशी येऊन येऊन सांगत होता, आणि मी —

१०.५८. नाव विचारलं नाही. हो दाबलं.

सायरन वाजला! देवा, वाजला.

१०.५९. पुन्हा विचारतंय. एक मिनिट. माझंच मिनिट. हो.

मी उठले तर सायरन बंद. सायरन थांबला की लोक थांबतील, चाचणी होती म्हणून मागे फिरतील. पोरं अजून खालीच. हो.

आता दिसतायत. एजे पुढे, पोरं जोडीजोडीने टेकडी चढतायत. लाल टोपी नाही दिसत. हो.

वरून आवाज येतोय, दगड घरंगळल्यासारखा. खोलीत गार ओला वास. खुर्ची आपसूक सरकली. हो.

कुणीतरी माझा डावा हात धरलाय. गार. चारच बोटं. दाराकडे ओढतंय. मला बाहेर काढायला — कळतंय मला, कळतंय —

हो.

पोरं वळणावर पोचली. एक, दोन, सगळी — लाल टोपी मागे राहिली, एकटी, शेळीपाशी — एजे परत खाली येतायत तिच्यासाठी —

हो.

ओढू नका. एक मिनिट, बाइके, फक्त एक मिनिट, लाल टोपी अजून