भिंत फोडून काढलेला अध्यक्ष

१४ मे
ठरलं. यंदा सेंट हान्सला, २३ जूनच्या रात्री, किनाऱ्यावर जाळ पेटेल तेव्हा आमचं व्हायकिंग मंडळ सरदाराची अंत्ययात्रा काढणार. शंभर टक्के अस्सल. मी अध्यक्ष असताना दुसरं काही शक्यच नाही. उपाध्यक्ष ट्रिग्वे (माझा शाळेपासूनचा मित्र) म्हणाला, नाव पाण्यात सोडू आणि काठावरून जळता बाण मारू, लोकांना तेच आवडतं. त्याला नीट समजावलं की हे सिनेमावाल्यांचं खूळ आहे. नाव जमिनीवर जाळत, नाहीतर पुरत. तो डोळे मिटून ऐकत होता. एवढी एकाग्रता हल्ली दिसत नाही.

१७ मे
नॉर्वेचा राष्ट्रीय दिन. मिरवणुकीत सोल्वाई भेटली. मंडळाचं जेवणखाण तीच बघते. म्हणाली, अंत्यभोजनाला माझी बटाट्याची कोशिंबीर करू का? मी सांगितलं, बटाटा अमेरिकेतला, व्हायकिंग गेल्यावर कितीतरी शतकांनी इथे आला. करायची नाही. ती म्हणाली, आर्नफिन, तूसुद्धा बराच उशिरा आलास रे. कौतुक असावं.

२ जून
ऐतिहासिक मीटिंग. प्रथा मी मांडल्या. प्रेत दारातून न्यायचं नाही. भिंत फोडून न्यायचं आणि लगेच भगदाड बुजवायचं, म्हणजे मेलेल्याला परतीची वाट सापडत नाही. पायांत हेलजोडे घट्ट बांधायचे, परलोकाच्या वाटेसाठी. तलवार वाकवून सोबत द्यायची. मग अंत्यपान. वारस उच्चासनाच्या पायरीशी बसतो, शिंगातलं पेय संपवतो आणि आसनावर चढतो. त्या क्षणापासून मेलेल्याचं सगळं त्याचं. (मंडळाचं उच्चासन मी स्वतः कोरलंय. दोन हिवाळे गेले त्यात. अध्यक्ष त्यावर बसतो, म्हणजे मीच.)

कोणीतरी मागून विचारलं, हे नाटकच ना? मी टेबलावर मूठ आपटली. नाटक नाही, विधी! आसनावर जो बसला तो बसला. तसा ठराव लिहून घ्या. मग ट्रिग्वेनं हळूच विचारलं, म्हणजे खरंच धरायचं? मी म्हणालो, खरंच. एकमतानं मंजूर. माझा ठराव एकमतानं मंजूर व्हायची ही पहिलीच वेळ. डोळे भरून आले.

४ जून
प्रेत कोण होणार? मी म्हणालो, चिठ्ठ्या टाकू. सगळे एका सुरात म्हणाले, छे छे, तूच. सोल्वाई तर म्हणाली, त्या नावेत तुझ्याशिवाय कोणी डोळ्यांपुढे येतच नाही. वारस ट्रिग्वे. घरी तुरिडला सांगितलं. विणकाम न थांबवता म्हणाली, अहो अध्यक्ष, एवढं एकमत का झालं याचा जरा विचार करा. लोकप्रिय माणसाशी संसार करणं अवघड जातं तिला.

९ जून
आजपासून २३ पर्यंत कॉफी बंद. व्हायकिंगांना कॉफी माहीत नव्हती.

१० जून
कॉफी घेतली. मेल्यानंतर कसली बंधनं?

१५ जून
सोफ्यावर प्रेताचा सराव. श्वास अगदी बारीक, चेहऱ्यावर सरदाराची शांती. तुरिड म्हणते, घोरत होतास. शेजाऱ्यांना साक्षीला बोलवते म्हणाली. नको म्हटलं.

२३ जून, सकाळ
सगळी तयारी झाली. नावेशी पोहोचल्यावर ताडपत्रीमागून मी हळूच उतरणार, माझ्या जागी गवताचा बाहुला. नाव पेटली की मी मंडळाच्या घरात प्रवेश करणार. ट्रिग्वे आसनावरून उठून मला बसवेल. मग माझं भाषण. ऊठ म्हणून त्याला सांगून ठेवलेलं नाही. मित्राला काय सांगायचं असतं?

२३ जून, बाकीच्यांच्या जेवणानंतर


भिंत सुंदर फोडली. आठ जणांनी उचललं. एकजण कुजबुजला, जड आहे रे. दुसरा म्हणाला, शेवटचंच उचलतोय, सोस. मला वाटलं, भूमिकेत शिरलेत. तलवार वाकवली ती माझी! जुनी वाकवायची ठरली होती. नाव पाण्यात ढकलली आणि बाण मारले. जळते! चार समुद्रात पडले, पाचवा लागला. गर्दीनं शिट्ट्या मारल्या. मी काठावर ताडपत्रीमागे दात खात बसलो होतो, कारण एकमेकांना बांधलेल्या हेलजोड्यांच्या गाठी सुटेनात. गाठ ट्रिग्वेला मीच शिकवली होती.

बेडकासारखा उड्या मारत चढ चढलो. भगदाड बुजलेलं. दाराला आतून कडी. खिडकीतून पाहिलं, तर ट्रिग्वे आसनावर. शिंग रिकामं. तुरिड पहिल्या बाकावर, टाळ्या वाजवतेय.

मी काचेवर थापा मारल्या. ट्रिग्वेनं खिडकी जराशी उघडली. म्हणाला, अरे, मेलास ना तू? मी म्हणालो, गंमत पुरे, ऊठ. तो म्हणाला, आर्नफिन, जॅकेटच्या झिपवरून तू माझ्या पोरीला रडवलंस, लोकांचे चष्मे काढून घेतलेस, पावसात मला रेनकोट घालू दिला नाहीस. तरी मी कधी काही म्हटलं नाही. आताही मी काही म्हणत नाही, तुझाच ठराव आहे. आणि खिडकी लावली. हळूच, आवाज न करता. ते जास्त लागलं.

२४ जून
तुरिडला विचारलं, तूसुद्धा? ती म्हणाली, विधवा पहिल्या बाकावर बसते हे तूच लिहून दिलं होतंस. आणि खरं सांगू, छान वाटलं.

निश्चय: नवं मंडळ काढायचं. कडक नियम.

२९ जून
नव्या मंडळाचे सभासद: मी.

१ जुलै
जुन्या मंडळाची सभा. सहज तिकडून चाललो होतो. भिंत तपासली. कुठे कसूर सापडली तर विधी बाद ठरेल. फळ्या सरळ, फटी डांबर लावलेल्या लोकरीनं भरलेल्या. खिळेसुद्धा हातघडणीचे. एक चूक नाही. आतून हसण्याचा आवाज, कॉफीचा वास.

सोल्वाईनं मला पाहिलं असावं. बाहेर आली, पायरीवर थाळी ठेवून गेली. मेलेल्यासाठी बाहेर घास ठेवावा, हेही मीच सांगितलेलं.

बटाट्याची कोशिंबीर. आजूबाजूला कोणी नव्हतं. खाल्ली.

चांगली होती.