तहकूब सभेच्या आधी

सोमवार, दि. २२ मे २०२३

ती. आबांना,
ठकूचा पाया पडून नमस्कार.

हितं आमी सगळी बरी हाव. सासूबाईंचा गुडघा जरा धरलाय, बाकी काही न्हाई. तुमची आन म्हशींची खुशाली वाडीतला दत्ता रोज दूध घालायला खाली आला की सांगतो. वाडीवर मोबाईलला रेंज न्हाई, आन म्या चढून आले तर तुमी म्हशी घिऊन रानात निघता. परवा आले तवा तुमची पाठ तेवढी दिसली. म्हणून ह्ये पत्र दत्ताच्या हाती देते. तुमी चौथीपर्यंतची शाळा शिकलाय, तवा स्वतः वाचा. दुसऱ्या कुणाला वाचायला देऊ नका.

येत्या गुरुवारी ग्रामपंचायतीची तहकूब झालेली ग्रामसभा हाय. डांबरी रस्त्याकडंच्या गायरानावर आपली गवळदऱ्याची वाडी आणून बसवायची, का तितं गडावर येणाऱ्यांच्या गाड्यांना वाहनतळ करायचा, ह्ये त्या दिवशी ठरणार. ठराव एकदा प्रांतांकडं गेला की माझ्या हातात काही राहत न्हाई. आन वाडीतल्या धोंडाबाईच्या घरामागं डोंगराला पडलेल्या भेगेत मागच्या पावसाळ्यात बोटं जात हुती, आता कोपरापासनं हात जातो. म्या घालून बघितलाय.

पैल्या सभेचं तुमच्या कानावर काय आलं आन काय न्हाई, मला म्हाईत न्हाई, म्हणून सांगते. सभा नेहमीसारखीच हुती. शाळेच्या पटांगणात सतरंजी टाकली, भाऊसाहेबांनी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचलं. भाऊसाहेब म्हंजे आमचे ग्रामसेवक. मग पाण्याची टाकी धुवायची कुणी, खालच्या आळीच्या दिव्यांचं काय, अंगणवाडीचं छप्पर पावसाच्या आधी हुणार का, आसं चाललं. टाकीच्या शेवाळावरनं दोघं इतकं भांडली की ऐकणाऱ्याला वाटावं वाटण्याच चालल्यात. उपसरपंच हनुमंतराव कागदानं वारा घेत बसले हुते. ते गप बसले की मला धास्ती वाटती.

गायरानाचा विषय शेवटी हुता. तो यायच्या आधी भाऊसाहेबांनी डोकी मोजली आन माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "सरपंचबाई, गणपूर्ती हुत न्हाई. थोडीच माणसं कमी पडत्यात. स्पीकरवरनं एक हाक द्या, नळावरच्या बाया इतील."

त्या बाया आल्या असत्या, आबा. दिसत हुत्या समोर. पर म्या हाक दिली न्हाई. म्हणलं, तहकूब करा.

लोकांना वाटलं ऊन लई हाय म्हणून केलं. खरं आसं की त्या दिवशी विषय निघाला असता तर वाडीचं उत्तर इचारलं असतं, आन वाडीचं उत्तर 'न्हाई' आसं हुतं. माझ्या सहीखाली ते लिहिलं जावं ह्ये मला सोसलं न्हाई. वाटलं, आठवडा मिळंल, वर जाईन, आबांशी बोलीन.

आन तितंच म्या चुकले. तहकूब सभेला गणपूर्ती लागत न्हाई. धा माणसं बसली तरी ठराव पास हुतो. आमच्या गावात आजवर सगळ्या सभा आशाच झाल्या. पैल्या सभेला कुणी यायचं न्हाई, दुसरीला चार टाळकी बसवून विषय उरकायचे. त्यात कुणाला वावगं वाटलं न्हाई, मलापण न्हाई. आता हनुमंतराव घरोघर फिरायला लागलेत. त्येंचा मला राग येत न्हाई. त्येंची दोन्ही पोरं घरी बसल्यात, गाड्या लागल्या तर चहाची टपरी तरी टाकतील. ते कुणाला धमकावत न्हाईत, कुणाला काही देत न्हाईत. एवढंच म्हणतात की वाघजाईनं वाडीला हलू नको म्हणून सांगितलंय, मग देवीच्या पुढं जाणारे आपण कोण. वाघजाई खालच्या गावाचीपण हाय. वाडीसाठी हात वर करणारी माणसं हायत, पर देवीचा डावा कौल ऐकून त्येंचे हात खालीच राहतील.

म्हंजे सगळं त्या कौलावर येऊन थांबलंय.

आबा, चार दिस झाले ह्ये लिहू का नको आसं करती. आता लिहिते.

अक्षय तृतीयेला तुमी कौल लावलात तवा म्या वाडीवर हुते. रीतीपरमाणं सगळी देवीकडं पाठ करून बसलो हुतो. तुमी एकटे आत. देवीच्या दोन खांद्यांवर तुमी दोन ओल्या कळ्या चिकटवल्या, वाडी हलवू का म्हणून मोठ्यानं इचारलंत. उजवी पडली तर व्हय, डावी पडली तर न्हाई, ह्ये वाडीतल्या तान्ह्या पोरालापण ठावं हाय. लई वेळ काहीच झालं न्हाई. म्हशी हंबरत हुत्या. म्या मान वळवली. का वळवली, मला सांगता येत न्हाई. जीव राहिला न्हाई, एवढंच.

उजवी कळी पडलेली म्या बघितली. ती तुमी उचलून परत चिकटवलीत. मग डावीला अंगठा लावलात.

बाहेर येऊन तुमी म्हणलात, "डावा दिला." सगळ्यांनी हात जोडले. धोंडाबाईनं सुटकेचा श्वास टाकला, तिला वाटलं तिचं घर राहिलं. म्यापण हात जोडले.

ह्ये म्या कुणाला बोलले न्हाई, घरातपण न्हाई. बोलले तर लोक म्हणतील, ठकू सरपंच झाली आन बापाला खोटं पाडाया निघाली. तसं म्हणू द्यात, त्येची मला फिकीर न्हाई. पर तुमच्याकडं लोकांनी बोट दाखवावं आन ते म्या दाखवायला लावावं, ह्ये माझ्यानं हुणार न्हाई. आन खरं सांगू का, माझ्या मनात कौल न्हाईच. उजवा पडला काय आन डावा पडला काय, ती भेग कुणाला इचारून वाढत न्हाई. साहेब लोक येऊन मोजून गेले, डोंगर सुटलाय म्हणाले. पर आपली माणसं साहेबाचं ऐकणार न्हाईत, तुमचं ऐकतील.

तुमी आसं का केलंत ह्ये मला कळलं न्हाई आसं समजू नका. गायरानात घरामागं दोन गुंठे जागा. त्यात म्हशी कुठं बांधायच्या, चारायच्या कुठं? खाली आलो की एकेक करून जनावरं इकतील, आन पुढच्या पिढीला म्हशीची धार काढता यायची न्हाई. ह्यातलं एक अक्षर खोटं न्हाई. धरणात गेलेल्या गावांचं काय झालं ते तुमी डोळ्यांनी बघितलंय. मलापण त्येची भीती वाटती. पर म्हशीला जागा मागता येती, आबा. सभेत उभं राहून मागता येती. गाडली गेलेली वाडी कुणाकडं मागू?

म्या सरपंच म्हणून ह्ये लिहीत न्हाई. माझा बाप त्या भेगेखाली झोपतो, म्हणून लिहिते. रात्री वारं सुटलं की म्या उठून बसते. घरचे म्हणतात, अजून पाऊस न्हाई, कशाला जागती.

गुरुवारी सकाळी धा वाजता सभा हाय. तुमी खाली या, एवढंच मागते. काय बोलायचं ते तुमचं तुमी ठरवा. न्हाई आलात तरी म्या कुणाला काही सांगणार न्हाई, ही माझी जबान. पर मग गायरान वाहनतळाला गेलं की त्या ठरावावर सही मला करायला लागंल, आन त्या सहीपरीस माझा हात मोडला तर बरं.

दत्ताच्या हाती दोन शब्द पाठवा. रागाचे असले तरी चालतील.

तुमची लेक,
ठकू

*

गवळदरा
बुधवार, दि. २४ मे २०२३

मा. सरपंच,
ग्रामपंचायत यांसी,

मी रखमाजी भिकू ढेबे, राहणार गवळदरा, कारणे अर्ज लिहून देतो की

ठकू, आसं लिहायचं असतंय ना? म्या तसंच सुरू केलं हुतं. पुढं जमंना. तू सरपंच असशील खाली. हितं तू माझी लेक हायस, आन तुझं पत्र वाचून म्या जेवलो न्हाई.

आधी तुझी चूक सांगतो. कौल लागला की देवीकडं बघायचं न्हाई. तुझी आज्जी, तुझी आई, कुणी कधी मान वळवली न्हाई. तू वळवलीस. तुला रीत शिकवायची राहिली ती म्याच राहू दिली, कारण तू लाडाची. झालं. आता माझं.

उजवी पडली तवा हात आपसूक पुढं झाला, आसं लिहिणार हुतो. तसं न्हाई. कळी पडली, म्या तिच्याकडं बघितलं, मनात म्हणलं हिनं आपल्याला खाली धाडलं. मग म्हशींचा आवाज कानात आला. ठरवून केलं म्या. माझ्या बापानं, त्येच्या बापानं आपापल्या हातानं कौल लावले. पोरीचं लगीन, म्हशीचा आजार, कुणाचं काय. लई वेळा मनाइरुद्ध पडला, कुणी अंगठा लावला न्हाई. त्या दिवसापासनं देवळात पाणी घालायला जातो, पर तोंड वर करून बघत न्हाई. आन तू वर आलीस की रानात जातो, कारण तुझं तोंड तुझ्या आईवर गेलंय.

काल सांजच्याला सगळ्या वाडीला देवळापुढं बसवलं. तोंडाकडं तोंड करून बसा म्हणलं. आन सांगितलं. तुझं नाव घेतलं न्हाई. तू बघितलंस हे कुणाला कळायचं कारण न्हाई, ते तुझ्या आन माझ्यात राहू दे.

शिव्या खाईन वाटलं हुतं. पर धोंडाबाई उठली. तिला काठी लागती, तरी कुणाचा हात न धरता माझ्यापाशी आली आन माझ्या हातातला देवीचा तांब्या काढून घेतला. म्हणाली, "रखमा, ह्यापुढं तुझ्या हातानं नको." तिचं बरोबर हाय. तांब्या दत्ताला दिला. पोर रडाया लागला, घेईना, म्या दरडावलं तवा घेतला.

परत कौल लावायचा का, आसं कुणीतरी इचारलं. धोंडाबाईच म्हणाली, एकदा दिलाय देवीनं, परत इचारून तिचा आपमान करू नका. रात्री तिनं भांडी पोत्यात भरली.

तवा वाडी खाली येती, आसं धर. उद्या सगळी येतो. धोंडाबाईला डोलीत घालून आणतो, म्हंजे तुझ्या हनुमंतरावाला मोजायला एक डोकं कमी पडायचं न्हाई. पर म्हशींचं ठरावात लिहून घे. गायरानाच्या वरच्या अंगाला सामाईक गोठा, आन दरा चराईला मोकळा. हे न्हाई लिहिलं तर म्या सभेत तुझ्याशी भांडीन, आन लेक म्हणून सोडणार न्हाई. तू म्हणतीस जागा मागता येती. मग उद्या मागतो, तू द्यायची.

आता शेवटचं. खालच्या गावातबी डावा कौल म्याच पोचवलाय. तो म्याच माघारी घ्यायला पायजे. भाऊसाहेबानं वाचून दाखवलं तर ते कागदाचं बोलणं हुईल, म्हणून अर्ज पुरा केला न्हाई. सभेत तू मला आबा म्हणू नकोस. "रखमाजी भिकू ढेबे, गवळदरा," आशी सरपंचाच्या आवाजात हाक दे. म्या उभा राहीन. देवीनं कुठला कौल दिला म्हणून मला इचार. म्या उजवा सांगीन, आन डावा कुणी केला तेबी सांगीन. लोक बोलतील ते बोलू दे. तू मधी पडू नकोस, सभा आवरू नकोस. कुणी हसलं तरी खाली बघू नकोस. भाऊसाहेब लिहून घेतील तवर म्या उभाच राहीन.

सभा सुटली की घरी ये म्हणू नकोस. म्हशींना मागं कुणी न्हाई, मला वर जायला पायजे. दोन दिवसांनी ये. रानात जाणार न्हाई, दारात बसून राहीन.

कालपर्यंत वाघजाईचा भगत,
आता नुसता तुझा बाप,
रखमाजी