ब्रिनाचं पोट

१२ मे
ब्रिनाचं पोट पुन्हा बिघडलं! अंगण धुता धुता माझी कंबर मोडली. मेंढरं डोंगरावर न्यायची वेळ आली आणि राखणीच्या कुत्रीची ही तऱ्हा. बाबांचं एकच — "ब्रिना नाही तर मीही नाही. लांडग्यांपुढे काय काठी घेऊन नाचू?" ते उन्हाळाभर घरी बसले तर खचतील. मला त्याचीच धास्ती आहे.

१४ मे
जनावरांची डॉक्टरीण ऑर्नेला येऊन गेली. चीज, सॉसेज बंद. सातू, ओट आणि गव्हाचा कोंडा मऊ शिजवून, वर थोडी उकडलेली कोंबडी. कोंड्यातली अँटिऑक्सिडंट म्हणे कोंड्यालाच घट्ट चिकटलेली असतात. मोठ्या आतड्यातले जंतू ती सावकाश सोडवतात. "औषध नाही हं, जेवण आहे. धीर धरा!"
बाबा गुरगुरले, "माझी आजी कुत्र्यांना कोंड्याचाच पाव घालायची."
"मग वर सॉसेजही घालायची का, बेरार्दिनोकाका?"
बाबांनी टोपी डोळ्यांवर ओढली! मला हसू आवरेना.

१५ मे
ब्रिनाने खिमट हुंगलं आणि माझ्याकडे पाहिलं. सासूबाई माझ्या सुपाकडे अश्शाच बघायच्या.

२३ मे
बाबा चार दिवसांपासून सुल्मोनाला, आत्याकडे. इकडे ब्रिना ठणठणीत! सकाळी अंगणात सगळं कसं घट्ट, बांधीव. लग्नातसुद्धा मी इतकी खूश नव्हते.

२७ मे
बाबा परवा आले. ब्रिना परत ढेपाळली. ऑर्नेला फोनवर म्हणाली, "कोणीतरी गुपचूप चारतंय." मी शेजारच्या पोरांवर उगाच ओरडले.

३० मे
दुपारी गोठ्यामागे कपडे वाळत घालायला गेले. पलीकडे बाबा. हातात सॉसेज. ब्रिनाला भरवत होते आणि म्हणत होते, "खा गं बाई. तू बरी झालीस की मला डोंगरावर जावं लागेल. गुडघे चढत नाहीत आता. पोरीला कसं सांगू?"
मी ओले कपडे घेऊन तशीच मागे फिरले. फार वाईट वाटलं. मीच रोज म्हणत होते ना — डोंगरावर गेलात की बरं वाटेल!
संध्याकाळी सॉसेज शेजारणीला देऊन टाकलं.

६ जून
शेजारचा मेंढपाळ गेर्वाझिओ त्याचे कुत्रे घेऊन आमचा कळप न्यायला आला. मी म्हटलं, "ब्रिनाचं पोट अजून धड नाही. यंदा ती आणि बाबा खालीच." तेवढ्यात ब्रिना मांजरामागे कुंपणावरून उडी मारून गेली. गेर्वाझिओने तिच्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. म्हणाला, "हो, दिसतंय की. फारच अशक्त झालीय."